परतीच्या वाटेवर लागणारा दिवा: टर्बो गाडी, स्पोर्ट्स कॅट आणि पुन्हा पुन्हा येणारा पी०४२०

गाडी २०१६ ची ऑक्टेव्हिया, १.८ टीएसआय, बीएस-४. इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ कुळाच्या तिसऱ्या पिढीतलं, गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक). बदल असे: सौम्य रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल), मोठा इंटरकूलर आणि कंपनीच्या डाउनपाइपच्या (टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्ट नळीच्या) जागी तीन इंची स्टेनलेसचा डाउनपाइप, ज्यात '२०० सेल' म्हणून विकलेली स्पोर्ट्स कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा, पण मोकळ्या वाटेचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तक्रार एकच. चेक इंजिनचा पिवळा दिवा, कोड पी०४२०, म्हणजे कॅटचं काम कमी पडतंय. स्कॅनरने पुसला की जातो आणि पुन्हा येतो.

तो येतो कधी, यातच सगळी मेख होती आणि ती कळायला मला दोन महिने लागले. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी, तोच चांदणी चौक, तेच रडतखडत जाणं, दिवा नाही. शनिवारी सकाळी साताऱ्याला घरी गेलो, दिवा नाही. रविवारी संध्याकाळी परत निघालो, आनेवाडीचा टोलनाका मागे पडला, गाडी नव्वदला स्थिरावली, की भुईंजच्या आसपास टुंग करून दिवा हजर. चार वेळा हेच. बायको म्हणाली, "तुझ्या गाडीलाही सातारा सोडवत नाही."

होत होतं ते असं. कोड पुसला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, कॅटची परीक्षा नव्याने घेतो. पण ती कधीही होत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं लागतं, कॅट तापलेली लागते, वेग आणि भार काही मिनिटं एकसारखा लागतो. हिंजवडीच्या रांगेत हे जुळतच नाही, म्हणून आठवडाभर परीक्षाच होत नव्हती. शनिवारी जाताना पहिल्यांदा झाली आणि गाडी नापास झाली. पण एका नापासावर ईसीयू दिवा लावत नाही. कोड 'पेंडिंग' म्हणून आत लिहून ठेवतो. इंजिन बंद होऊन पुढच्या फेरीत पुन्हा नापास झाली, की मग दिवा. ती पुढची फेरी म्हणजे माझी रविवारची परतीची वाट.

म्हणून कुणी "कोड पुसला, तीनशे किलोमीटर झाले, काही नाही" असं सांगितलं तर एकच विचारायचं: स्कॅनरवर कॅटॅलिस्टचा रेडिनेस (कॅटची परीक्षा पार पडल्याची खूण) पूर्ण झालेला दिसतोय का? नसेल तर ते तीनशे किलोमीटर हिशेबातच धरू नका. आणि दिवा लागायची वाट न बघता पेंडिंग कोड बघायची सवय लावा. साताऱ्यात पोचल्यावर चहाच्या आधी स्कॅनर लावला असता तर मला पहिल्याच शनिवारी उत्तर मिळालं असतं.

ईसीयू नक्की काय तपासतो

पहिला गैरसमज इथेच असतो. ईसीयू गाडीचा धूर मोजत नाही. कॅटमध्ये प्राणवायू साठवायची किती ताकद उरली आहे, ते तो मोजतो.

कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम हे धातू असतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यांच्या खाली जो खडबडीत थर दिलेला असतो, त्यात सिरियम ऑक्साइडही असतं आणि तेच या कथेतलं मुख्य पात्र. हवा-पेट्रोलचं मिश्रण जरा पातळ झालं (पेट्रोल कमी पडलं) की ते जादा प्राणवायू धरून ठेवतं, जरा दाट झालं की सोडतं. त्यामुळे कॅटच्या पुढच्या बाजूला मिश्रण कितीही हेलकावे खात असलं तरी मागच्या बाजूला बाहेर पडणारा वायू संथ असतो. पुढचा लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला प्राणवायू मोजणारा) हेलकावे बघतो, मागचा संथपणा. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला, की ईसीयूच्या लेखी कोठार रिकामं झालं.

म्हणूनच दिवा लागलेला असतानाही माझी गाडी पीयूसीत आरामात पास झाली. आपल्याकडे बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. साधारण २५०० आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ च्या आत. तापलेलं इंजिन, एकसारखा वेग, एखाद-दोन मिनिटं. एवढं काम अर्धमेली कॅटही करते. "पीयूसी पास आहे म्हणजे कॅट चांगली, सेन्सरच खोटं बोलतोय" हा निष्कर्ष मी काढला होता. तो चुकीचा होता आणि महागही पडला.

जाता जाता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविषयी. गॅरेजमध्ये हल्ली काहीही झालं की खापर ई२० वर. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. पण लॅम्डा सेन्सर गुणोत्तर बघत नाही, उरलेला प्राणवायू बघतो, आणि ईसीयू त्याप्रमाणे इंधन वाढवून घेतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती, थोडं वर सरकतं, इतकंच. पी०४२० चं उत्तर पेट्रोल पंपावर मिळणार नाही.

मी आधी काय काय वाया घालवलं

पहिल्यांदा मागचा सेन्सर बदलला. का, तर बदलायला सोपा. नवा सेन्सर, जुनाच दिवा.

मग डोकं वापरलं. फोन डॅशबोर्डला टेकवून मागच्या सेन्सरचा आलेख लावला आणि बायकोला बघायला सांगून बायपासवर गाडी ऐंशीला धरली. निरोगी कॅट असेल तर गरम इंजिनला हा आलेख ०.६ ते ०.७५ व्होल्टच्या आसपास डबक्यातल्या म्हशीसारखा पडून असतो. एक्सिलरेटर सोडला की शून्याकडे घसरतो, कारण तेव्हा इंधन बंद असतं आणि नळीतून नुसती हवा जाते. त्याला घाबरायचं कारण नाही. माझा आलेख मात्र ०.१५ ते ०.८ असा सतत उड्या मारत होता. इतका चपळ सेन्सर मेलेला कसा असेल? जुना सेन्सरही असाच नाचत होता, मी बघितलंच नव्हतं. सेन्सर बिघडला तर तो बहुतेक वेळा एका जागी अडकतो किंवा सुस्त होतो. नाचणारा सेन्सर जे दिसतंय तेच सांगत असतो.

दुसरा प्रयोग स्पेसरचा. मागचा सेन्सर नळीच्या प्रवाहातून थोडा बाहेर ओढून बसवायचा पोकळ तुकडा. काहींच्या आत इवलीशी कॅटही असते. बरेच ट्यूनर (रिमॅप करून देणारे) "लावा, दिवा जाईल" म्हणतात, आणि कधीकधी जातोही. पण मागचा सेन्सर फक्त परीक्षेसाठी नसतो. पुढच्या सेन्सरची बारीकशी चूक दुरुस्त करायला ईसीयू त्याच्याच वाचनाचा आधार घेतो. त्याच्या कानात बोळे घालून ठेवले तर ती दुरुस्तीही बहिरी होते. माझ्या गाडीत स्पेसरने दिवा तीन आठवडे लांबवला. मग पुन्हा भुईंज.

तापमानाच्या बंदुकीने कॅटच्या पुढचं-मागचं तापमान बघायची युक्तीही केली. चकचकीत स्टेनलेसवर ती बंदूक वाटेल ते आकडे दाखवते. वेळ घालवू नका.

आईने पकडलेली गळती

खरा धागा हाती आला तो अपघाताने. डोळे तपासायला आईला पुण्यात आणत होतो. स्वारगेटच्या सिग्नलला उभे असताना ती मागून म्हणाली, "अरे, गाडी आहे का स्टोव्ह? कसला घासलेटसारखा वास येतोय." मला येत नव्हता, रोजची सवय. एसीची हवा बाहेरून आत घ्यायचं बटण होतं ते बदलून आतली हवा फिरवायला लावली, तर मिनिटभरात म्हणाली, आता नाही.

या इंजिनात टर्बो आणि एक्झॉस्ट बोनेटखाली मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीला लागून असतो. एसीची बाहेरची हवा येते ती काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, म्हणजे जवळपास त्याच्या डोक्यावरूनच. गाडी उभी असताना वास आणि आतली हवा फिरवली की वास गायब, याचा अर्थ कॅटच्या आधी कुठेतरी एक्झॉस्ट फुटलेला आहे.

मग फ्युएल ट्रिम बघितलं. आयडलवर +९, २५०० आरपीएमवर +३. हे आकडे बोलके असतात. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलवर जास्त, भार वाढला की कमी. ती हवा सेन्सरला दिसते, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ झालं, तो इंधन ओततो. कॅटची परीक्षाही या उसन्या प्राणवायूमुळे बिघडते. मात्र इनटेकची गळती किंवा या इंजिनांना नेहमी छळणारा फाटका पीसीव्ही व्हॉल्व्हसुद्धा (क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये सोडणारा) ट्रिमचं हेच चित्र दाखवतात. त्यामुळे आकड्यांवरून थेट निकाल द्यायचा नाही, धूर सोडून बघायचं.

माझ्या ओळखीचे एक फिटर काका आहेत, वय साठीच्या पुढे. त्यांनी गार इंजिनला मागच्या सायलेन्सरच्या तोंडातून स्मोक मशीनचा धूर सोडला, तोंडाला चिंधी कोंबली आणि बोनेटखाली टॉर्च धरून गप्प उभे राहिले. दीड-दोन मिनिटं काही नाही. मग टर्बो आणि डाउनपाइप जिथे जुळतात तिथल्या व्ही-बँड क्लॅम्पच्या (दोन्ही तोंडं आवळून धरणाऱ्या पट्ट्याच्या) खालच्या कडेने उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर यायला लागली. "हे बघा साहेब," एवढंच म्हणाले.

क्लॅम्प सोडला. आतली धातूची गॅस्केट जुनीच होती, डाउनपाइप बसवणाऱ्या गॅरेजने कंपनीचीच पुन्हा वापरली होती. एका जागी ती चेपलेली, आणि ती तूट भरून काढायला कडेने लाल सिलिकॉन लावलेलं. एवढ्या गरम जागी सिलिकॉन टिकत नाही, हा भाग वेगळाच. त्याच्या वाफा लॅम्डा सेन्सरवर थर धरतात आणि त्याला हळूहळू मारतात. एक्झॉस्टच्या कोणत्याही सांध्यावर कुणी सिलिकॉनची ट्यूब काढली तर हात धरा. गॅस्केट नवी, क्लॅम्प नवा, आणि क्लॅम्पचा बोल्ट आवळण्याआधी दोन्ही तोंडं हाताने फिरवून नीट बसलीत ना ते बघितलं. तिरकी बसलेली तोंडं क्लॅम्प सरळ करत नाही, तशीच आवळून ठेवतो.

वास गेला. आयडलचं ट्रिम +२ वर आलं. दिवा मात्र अकराशे किलोमीटरनंतर आला. पूर्वी दर आठवड्याला यायचा. म्हणजे निम्मं दुखणं गळतीचं होतं, निम्मं कॅटचं.

गाभा मोजला तेव्हा

डाउनपाइप उतरवला आणि कॅटच्या तोंडात टॉर्च मारली. धातूची कॅट म्हणजे एक सपाट पत्रा आणि एक नागमोडी पत्रा एकमेकांवर ठेवून गुंडाळलेली गुंडाळी. पत्रा कागदापेक्षाही पातळ, साधारण ०.०५ मिलिमीटर. 'सेल' म्हणजे एका चौरस इंचात येणारी भोकं. ती मोजता येतात, आणि मोजावीत. स्टीलची पट्टी आडवी धरून एका इंचात सपाट पत्र्यांमधले किती पट्टे येतात ते मोजलं: सात. एका पट्ट्यात एका इंचात किती भोकं: चौदा. सात गुणिले चौदा, अठ्ठ्याण्णव. दोनशे म्हणून घेतलेली कॅट शंभरची निघाली.

शिवाय गुंडाळीचा मधला भाग दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकलेला. गाभ्याचे थर नीट ब्रेझ केलेले (वितळलेल्या धातूने सांधलेले) नसले की वायूच्या दाबाने आणि उष्णतेने तो दुर्बिणीसारखा बाहेर सरकत जातो. कुठे वितळलेली चकाकी नव्हती, तेलाच्या राखेचा पांढुरका थरही नव्हता. हे बघणं महत्त्वाचं, कारण कॅट सहसा स्वतःहून मरत नाही. मिसफायर होत असेल तर न जळलेलं पेट्रोल तिच्या आत जळतं आणि ती वितळते. इंजिन ऑइल पीत असेल तर तेलातलं फॉस्फरस तिच्या पृष्ठभागावर बसतं. कूलंट आत जात असेल तर त्याचाही थर बसतो. जुनीला कुणी मारलं ते न शोधता नवी घातली तर तीही त्याच वाटेने जाते. माझ्या गाडीत मारेकरी नव्हता. माल मुळातच हलका होता.

मग घ्यायची कोणती

दुकानात पहिला प्रश्न असतो, दोनशे का शंभर. मला आता तो प्रश्नच अपुरा वाटतो. साधा हिशेब करा. ४०० सेलच्या गाभ्यात दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर येतं, २०० ला १.८, १०० ला २.५४. तेवढ्याच आकाराच्या गाभ्यात काम करणारा पृष्ठभाग सेलच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ४०० चा शंभर टक्के धरला तर २०० चा सत्तरच्या आसपास आणि १०० चा पन्नास. म्हणजे सेल कमी करणं म्हणजे रसायनाला कामाची जागा कमी करणं. वाट मोकळी होते, पण त्याची किंमत दिव्याच्या रूपाने मोजावी लागते.

वाट मोकळी करायचा दुसरा मार्ग कुणी सहसा सांगत नाही: गाभ्याचं तोंड मोठं करा. माझा जुना गाभा १०० मिलिमीटर व्यासाचा आणि १०० लांब, पाऊण लिटरच्या थोडा वर. नवा घेतला तो १२७ व्यासाचा, लांबी तेवढीच, ३०० सेल; सव्वा लिटर. तोंडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त झालं. त्यामुळे ३०० सेल असूनही वायूला होणारा अडथळा हिशेबाने चार इंची खऱ्या २०० सेलच्या गाभ्याइतकाच, किंबहुना किंचित कमी येतो. आणि काम करणारा पृष्ठभाग माझ्या जुन्या शंभरीच्या पावणेतीन पट. ट्यूनर मंडळी शंभर-दोनशेवर हुज्जत घालत बसतात आणि व्यास विचारतच नाहीत. अर्थात पाच इंची डबा मावला पाहिजे. माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या रॅकपासून बोटभर अंतर उरलं आणि हीट शील्ड कापून पुन्हा वळवावी लागली.

दुसरी गोष्ट धातूची. कॅटमध्ये मौल्यवान धातू किती, ते एका घनफुटाला इतके ग्रॅम असं मोजतात आणि विक्रेत्याला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ५० ग्रॅमचं लोडिंग म्हटलं तर माझ्या सव्वा लिटरच्या गाभ्यात सव्वादोन ग्रॅम धातू होतो. सोनाराकडे सव्वादोन ग्रॅमला काय पडतं ते आपल्याला माहीत असतं, आणि २०२१ मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. तेव्हा डाउनपाइप, वेल्डिंग, फ्लँज आणि कॅट सगळं मिळून कुणी अतिस्वस्त देत असेल, तर त्याच्या गाभ्यात चकचकीत पत्र्याखेरीज काय असेल ते समजून घ्या. लोडिंग विचारल्यावर विक्रेता "साहेब, रेसिंग क्वालिटी आहे" असं म्हणाला तर दुकानातून बाहेर पडावं. युरोपात ईसीई (तिथल्या वाहन-नियमांच्या) मान्यतेच्या स्पोर्ट्स कॅट मिळतात, जर्मनीची एचजेएस कंपनी त्यात जुनी. तो शिक्का आपल्या आरटीओपुढे चालेल असं समजू नका, पण आत खरोखर काही आहे याची तो ग्वाही देतो.

मग जागा. कॅट कामाला लागते ती अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे. टर्बाइन आधीच वायूतली बरीच उष्णता खाते, म्हणून टर्बो गाडीत कॅट टर्बोच्या जितकी जवळ तितकी बरी. फ्लोअरखाली ढकललेली कॅट सकाळी पार्किंगमधून निघाल्यावर कितीतरी वेळ नुसता डबा असते. पण वाकाच्या अगदी तोंडाशीही नको. वायू गाभ्याच्या एकाच बाजूवर आदळतो आणि उरलेला गाभा फुकट जातो. आधी थोडी सरळ नळी, मग निमुळता कोन, मग गाभा. आणि सेन्सरची भोकं वेल्ड करताना सेन्सर आडव्या रेषेपेक्षा वर राहील असं बघा. नळीच्या खालच्या बाजूने बसवला तर थंडीत नळीत साचलेलं पाणी त्याच्या तापत्या सिरॅमिकला तडा देतं.

हे सगळं सांगून झाल्यावर एक कडू गोष्ट. तुमची गाडी फक्त स्टेज वनवर (सुटे भाग न बदलता नुसता रिमॅप) असेल तर कंपनीची कॅट काढूच नका. मिळतं फार थोडं. आणि माझ्यासारखा कोरड्या क्लचचा डीएसजी असेल तर तो गिअरबॉक्स मुळातच २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, आणि १.८ टीएसआय कंपनीतूनच तेवढा टॉर्क देते. डाउनपाइपमुळे टर्बो लवकर जागा होतो, आनंद होतो हे खरं. पण तो आनंद गिअरबॉक्सच्या खिशातून येतो. मी कॅट बदलतानाच ट्यून थोडा उतरवून घेतला.

ट्यूनमधलं एक कलम

नवी कॅट घातल्यावर ट्यूनरला सांगून पॉप-अँड-बँग पूर्ण बंद करून घेतलं. एक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजतात ते इग्निशन मागे ढकलून आणि इंधन चालू ठेवून. न जळलेलं मिश्रण टर्बोच्या पुढे जाऊन पेटतं, आणि टर्बोच्या पुढे लगेच काय आहे? आपण मोजून पैसे देऊन आणलेला सव्वा लिटरचा गाभा. धातूचा पत्रा उष्णतेचे झटके सिरॅमिकपेक्षा बरे सोसतो, पण त्यावरचा थर सोसत नाही. सेनापती बापट रस्त्यावर रात्री फटाके वाजवत जाणाऱ्या गाड्यांपैकी किती जणांना पी०४२० आहे आणि किती जणांनी तो सॉफ्टवेअरमधून मिटवलाय, याचा मला अंदाज आहे.

मिटवण्याबद्दल. ईसीयूमध्ये ही परीक्षाच बंद करता येते. दिवा कायमचा जातो. पण मग उद्या गळती झाली, कॅट वितळली, तुकडे होऊन नळी तुंबली, तरी गाडी काहीच सांगणार नाही. तुंबलेल्या कॅटची गाडी तीन हजारांच्या वर जोरच पकडत नाही आणि लोक टर्बो उघडून बसतात. तसं वाटलं तर टर्बोनंतर, कॅटच्या आधीच्या नळीत प्रेशर गेज लावा: आयडलवर दीड पीएसआय आणि २५०० आरपीएमवर तीन पीएसआयच्या वर दाब दिसला तर आधी कॅटकडे बघा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल मान्य करत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. प्रदूषण आणि आवाजाच्या नियमभंगाला कलम १९०(२) लागतं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय परवाना तीन महिने अपात्र. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी तेही निघतं. माझी कंपनीची कॅट आणि डाउनपाइप गुंडाळून माळ्यावर ठेवलेले आहेत, भंगारात दिलेले नाहीत. तुम्हीही देऊ नका. जुन्या कॅटला चांगला भाव देणारे लोक दारात येतात, ते उगाच नाही.

सध्याची स्थिती

नवी कॅट बसल्यावर कोड पुसला, ट्रिम शून्यावर आणलं आणि मुद्दाम शनिवारी सकाळी निघालो. खेड शिवापूरनंतर जिथे रस्ता मोकळा मिळाला तिथे वीसेक मिनिटं ऐंशी-नव्वद धरली, क्रूझवर. घरी पोचल्यावर स्कॅनर: कॅटॅलिस्टचा रेडिनेस पूर्ण, पेंडिंग काही नाही. मागचा सेन्सर ०.६८ वर पडून होता, म्हशीसारखा. रविवारी भुईंज गेलं, सुरूर गेलं, बोगदा गेला. त्यानंतर पाच हजार किलोमीटर झालेत.

पाचशे किलोमीटरला व्ही-बँडचा बोल्ट पुन्हा तपासला, पाव वळसा घेतला. ते विसरू नका. आई मागच्या रविवारी गाडीत बसली तेव्हा वासाबद्दल काही बोलली नाही, पण शिरवळ ओलांडल्यावर म्हणाली, "खालून काहीतरी किणकिणतंय." बरोबर आहे. २२०० आरपीएमला ती वळवलेली हीट शील्ड डब्याला लागते. पुढच्या रविवारी काकांकडे रॅम्पवर घेणार आहे.